सागाची अळी आणि मद्रासचे दप्तर

कॅलगरीला राहणारा माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात कुटुंबासह ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत फिरून आला आणि तेथून त्याने मला एक छायाचित्र पाठवले. डोंगरउतारावर हजारो वाळकी, राखाडी खोडे उभी. मध्येच नव्या झाडांची हिरवी ठिगळे. खाली लिहिले होते, ‘मामा, हे वणव्याने नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढ्या भुंगेऱ्याने केले आहे. थंडी कमी झाली म्हणून. आपल्याकडच्या जंगलांत असे काही होते का?’

कॅनडात असलेल्या वाचकांना ही हकिगत ठाऊक असेल. पाइनच्या सालीखाली राहणाऱ्या या भुंगेऱ्याच्या अळ्या हिवाळ्यात पारा उणे ३५-४० अंशांपर्यंत उतरून काही दिवस तेथेच राहिला की मरत. १९९० च्या दशकापासून तशी थंडी विरळ झाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सुमारे १.८ कोटी हेक्टर क्षेत्रावर या किड्याचा प्रादुर्भाव झाला. त्या प्रांतातील विक्रीयोग्य पाइनपैकी जवळजवळ निम्मा नष्ट झाला. कार्यकारणभाव इतका स्वच्छ की शाळकरी मुलालाही समजावा.

आपल्याकडचे उत्तर मला ठाऊक नव्हते. अशा वेळी सरकारी माणूस जे करतो तेच मी केले. जुनी फाईल शोधायला निघालो. सध्या मुक्काम चेन्नईत असल्यामुळे ती सोय हाताशी होती. एग्मोर भागातील तमिळनाडू अभिलेखागाराची लाल इमारत १९०९ पासून उभी आहे आणि जुन्या मद्रास इलाख्याचे कागद तेथे रॅकांवर रॅका भरून ठेवलेले आहेत. आजच्या केरळातील मलबार जिल्हा १९५६ पर्यंत याच कारभारात होता, म्हणून सागाच्या जंगलांची कथा वाचायची तर तीही येथेच सुरू करावी लागते.

परंतु कीटकांच्या आधी पावसाबद्दल लिहिले पाहिजे. अभिलेखागारापासून दोन-तीन किलोमीटरवर नुंगंबाक्कमला हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. त्याच्या आवारात १७९२ साली उभारलेल्या मद्रास वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे. वेधशाळा मूळची ताऱ्यांसाठी, जहाजांना रेखांश आणि वेळ पुरवण्यासाठी. पण तेथील खगोलशास्त्रज्ञ गोल्डिंगहॅम याने १७९६ पासून हवामानाच्या नोंदीही ठेवायला सुरुवात केली. पेशव्यांच्या गादीवर दुसरा बाजीराव बसला त्याच वर्षाची ही गोष्ट. तेव्हापासून या शहराच्या हवामानाची नोंद तारीखवार होत आली आहे. पुढे १८९९ मध्ये वेधशाळेचे खगोलशास्त्रीय काम कोडैकनालला गेले, तरी हवामानाची वही येथेच राहिली. राज्ये बदलली, पण आज पाऊस किती पडला हे लिहिणारा कोणी ना कोणी कारकून येथे होताच. प्रशासनातील एवढे सातत्य पाहून मला तरी नतमस्तक व्हावेसे वाटते.

हवामानाविषयीची आस्था या शहरात केवळ वेधशाळेपुरती नव्हती. मद्रासच्या लष्करातील शल्यचिकित्सक एडवर्ड बाल्फोर याने १८४९ मध्ये येथील एका नियतकालिकात झाडे आणि पाऊस यांच्या संबंधावर लेख लिहिला. जंगल तोडले की हवा कोरडी होते, झरे आटतात आणि त्याची परिणती दुष्काळात होते, असे मानणारे डॉक्टर तेव्हा कंपनीच्या नोकरीत बरेच होते. ह्यू क्लेगहॉर्न हाही त्यांतलाच. उष्ण प्रदेशांतील जंगलतोडीच्या परिणामांवर १८५१ मध्ये विलायतेत सादर झालेला अहवाल मुख्यतः त्याचाच. आणि १८५६ मध्ये तो मद्रास इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. मुंबई इलाख्यात हे पद १८४७ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्याकडे होते, आणि तोही डॉक्टरच. ज्या काळात वनखात्याचे नावही धड ठरलेले नव्हते, त्या काळात जंगल आणि हवामान यांचा एकत्र विचार करणारी माणसे या दोन इलाख्यांत अधिकारपदावर होती. आपण ‘हवामानबदल’ हा विषय कालपरवाचा समजतो, म्हणून हे सांगितले. त्यांचे सगळे अनुमान बरोबर होते असे नव्हे, आणि कुमरी म्हणजे फिरती शेती करणाऱ्या गरिबांवर त्या विचाराचा वरवंटाही फिरला. त्यावर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. असो.

कीटकांकडे मात्र कंपनी सरकारचे लक्ष गेले ते पैशासाठी. मद्रासचा फिजिशियन जनरल जेम्स अँडरसन याने सैदापेटला निवडुंगाची बाग केली होती. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल किड्यापासून किरमिजी रंग काढायचा आणि स्पेनची मक्तेदारी मोडायची, असा बेत. १७९५ मध्ये ब्राझीलकडून जो किडा हिंदुस्थानात आला तो त्याच कुळातला, पण रंगाच्या दृष्टीने हलका निघाला. त्याने रंग थोडा दिला आणि निवडुंग फार खाल्ला. पुढे १८३६ च्या सुमारास दक्षिणेत माजलेला निवडुंग हटवण्यासाठी तोच किडा मुद्दाम सोडण्यात आला. कीटकाकडून तण मारून घेण्याच्या जगातील पहिल्या उदाहरणांत याची गणना होते.

आता साग. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने बांधलेली जहाजे मलबारच्या सागाची असत. इंग्लंडातील वाचकांना हार्टलपूलच्या बंदरात जाणे जमले तर १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज तेथे अजून पाण्यावर आहे, ते पाहावे. हा साग तोडून तोडून संपत आला, तेव्हा मलबारचा जिल्हाधिकारी हेन्री कॉनोली याने निलंबूरला साग लावायचे ठरवले. आरंभी बी रुजेना. चातू मेनन नावाच्या देशी अधिकाऱ्याने रोपे तयार करण्याची रीत बसवली आणि १८४० च्या दशकात लागवड उभी राहिली. १८४६ च्या लागवडीतील काही साग ‘कॉनोली प्लॉट’ म्हणून आजही राखलेले आहेत. कॉनोलीचा १८५५ मध्ये खून झाला. चातू मेनन याने मात्र पुढेही लागवडीचे काम सांभाळले.

दक्षिणेकडे त्रावणकोरातही १८६० च्या दशकात कोन्नी येथे साग लावण्यास सुरुवात झाली. त्या वेळी तेथील दिवाण होते सर टी. माधवराव, कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले आणि मद्रासला शिकलेले. हेच पुढे इंदूर व बडोद्याचे दिवाण झाले. एकच झाड मैलोन्‌मैल लावायचे, साठ वर्षांनी तोडायचे आणि दरवर्षी एक पट्टा पुन्हा लावायचा, ही पद्धत कागदावर इतकी देखणी दिसते की कोणाही महसुली अधिकाऱ्याला मोह पडावा. जंगल हे मुदत ठेवीसारखे झाले.

या ठेवीचा वाटेकरी म्हणजे हिब्लिया प्युएरा नावाचा पतंग. तपकिरी, नखाएवढा, पंख उघडले की मागच्या पंखांवर नारिंगी पट्टे दिसतात. त्रावणकोरचा वनाधिकारी बोर्डिलन याने १८९८ मध्ये सागाची पाने फस्त करणाऱ्या या अळीची हकिगत लिहिली. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ मध्ये निघाली, मद्रासच्या सरकारी छापखान्यातून बेनब्रिग फ्लेचरचे दक्षिण भारतातील कीटकांवरचे जाडजूड पुस्तक १९१४ मध्ये निघाले, बीसनचा वनकीटकांवरचा ग्रंथ १९४१ मध्ये आला. म्हणजे किडा अज्ञात नव्हता. त्याचे जीवनचरित्र पुढे बारकाईने लिहिले गेले. मादी कोवळ्या पानावर सुमारे पाचशे अंडी घालते. दहा-बारा दिवस अळी खाते, मग रेशमाच्या धाग्याने खाली उतरते, पालापाचोळ्यात कोष करते, आणि महिन्याच्या आत पुढची पिढी उडते. साथ जोरात असली की शेकडो हेक्टरांतील झाडे भर पावसाळ्याच्या तोंडावर उघडी पडतात. अशा रानात उभे राहिले तर अळ्यांची विष्ठा वाळक्या पानांवर पडते आणि पावसाची रिमझिम चालू असल्यासारखा आवाज येतो.

यातील महत्त्वाचा शब्द ‘कोवळे’ हा आहे. अळी लहान असताना तिला जून पान खाता येत नाही. साग उन्हाळ्यात पाने गाळतो आणि वळिवाच्या सरींनंतर पालवतो. निलंबूरच्या अभ्यासात असे आढळले की मोठ्या साथीच्या आधी, वळवाचा पाऊस झाल्यावर, झाडांच्या शेंड्यांवर छोट्या छोट्या जागी अळ्या दिसतात. त्यांतून निघालेले पतंग थव्याने निघून जातात आणि मग साथ दुसरीकडे, मोठ्या क्षेत्रावर उठते. मोसमी वारे त्यांना वाहून नेत असावेत, असे संशोधकांना वाटते. पाऊस, पालवी आणि पतंग या तिघांची गाठ ज्या आठवड्यात पडते त्या आठवड्यावर सारे अवलंबून. कॅनडाच्या भुंगेऱ्याला थंडीने आवर घातला होता. येथे आवर घालायला थंडीच नाही. येथे प्रश्न तारखांचा आहे.

एग्मोरला मी वनखात्याच्या वार्षिक अहवालांत हीच तारीख शोधत होतो. वणव्यांचे तक्ते आहेत: किती आगी, किती एकर, कारण काय, खटले किती. चराईचे उत्पन्न पै-पैशांत आहे. कीटकांना मात्र ‘नैसर्गिक कारणांनी झालेली हानी’ या सदराखाली चार-दोन ओळी, त्याही वादळ, दुष्काळ, हत्ती आणि रानडुकरे यांच्या सोबतीने. अळी पडली, पाने गेली, झाडे पुन्हा पालवली, असा मजकूर. कोणत्या आठवड्यात पडली, वळीव केव्हा झाला होता, यांचा बहुधा पत्ता नसतो. नुंगंबाक्कमच्या वहीत दिवस आहे. एग्मोरच्या वहीत फक्त वर्ष. दोन्ही वह्या एकाच सरकारच्या आणि एकाच शहरातल्या.

यात आळस होता असे मला वाटत नाही. अळीने खाल्लेला साग मरत नाही, काही आठवड्यांत पुन्हा हिरवा होतो. अहवाल लिहिण्याच्या वेळी, म्हणजे वर्षअखेर, डोळ्यांपुढे हिरवे जंगल असते. जो तोटा दिसत नाही आणि ज्याचा जबाब कोणी मागत नाही, त्याला स्तंभ मिळत नाही.

तोटा किती होता हे समजायला शंभराहून अधिक वर्षे लागली. केरळ वन संशोधन संस्था १९७५ मध्ये पीची येथे स्थापन झाली. तेथील के. एस. एस. नायर आणि सहकाऱ्यांनी निलंबूरच्या कोवळ्या लागवडीतील काही वाफे औषध फवारून पाच वर्षे अळीपासून राखले आणि शेजारचे तसेच सोडले. राखलेल्या झाडांची लाकूडवाढ हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर, न राखलेल्यांची ३.७. म्हणजे होऊ शकणाऱ्या वाढीपैकी सुमारे ४४ टक्के अळीच्या पोटात. साठ वर्षांत मिळणारे लाकूड संरक्षण मिळाल्यास सव्वीस वर्षांत मिळू शकेल, असा त्यांनी हिशेब मांडला. झाड जिवंत होते, हिरवे होते, आणि निम्म्याजवळ उपाशी होते.

हा आकडा १९८० च्या दशकातला आहे. त्यानंतरच्या दशकात सागलागवडीच्या कंपन्या देशभर निघाल्या, चेन्नईतही निघाल्या. आज काही हजार भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या, अशा जाहिराती येत. आमच्या नागपूरच्या काकांनी निवृत्तीच्या पैशातून अशाच एका कंपनीचे ‘चार साग’ घेतले होते. त्यांना एक रंगीत प्रमाणपत्र मिळाले, दुसरे काही मिळाले नाही. १९९९ मध्ये सेबीने अशा योजनांसाठी नियम केले तोवर बरेच जण बुडाले होते. फसवणूक ती फसवणूकच. पण त्या जाहिरातींतील वाढीचे तक्ते पाहिले तर त्यांतही अळी कोठे नव्हती.

मी चंद्रपूरकडचा, सागाच्याच मुलखातला. आम्हा मुलांच्या लेखी सागाची कीड म्हणजे पानांची जाळी. भाद्रपद-आश्विनात पान उन्हापुढे धरले की शिरा तेवढ्या उरलेल्या, बाकी सारे गेलेले. ही युटेक्टोना नावाच्या दुसऱ्या पतंगाची करामत. ते दृश्य इतके भयाण की जंगल मेले असे वाटावे. निलंबूरच्या त्याच प्रयोगात असे दिसले की या जाळी करणाऱ्या अळीने तेथील झाडांच्या वाढीवर लक्षणीय परिणाम झालाच नाही. ती येते तोवर पानाचे काम बहुतेक झालेले असते, ते थोड्याच दिवसांत गळायचे असते. जी पाहून आम्ही घाबरत होतो ती तेथे निरुपद्रवी ठरली, आणि जिच्यानंतर जंगल लगेच हिरवे होते ती घातक. दोघींत फरक महिन्यांचा.

आता हे महिनेच सरकू लागले तर? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये भारतातील हवामानबदलाचा पहिला सरकारी आढावा प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ दरम्यान नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. घट विशेषतः गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात, म्हणजे सागाच्या निलंबूरलगतच. उष्णता वाढली की किड्याची पिढी लवकर पुरी होते, हे कीटकशास्त्राचे प्राथमिक सूत्र. हवेतील कर्बवायू वाढला की पानांतील नत्र घटते आणि तेवढेच पोषण मिळवण्यासाठी अळीला अधिक खावे लागते, असेही अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण दुसऱ्या बाजूला मुसळधार सर आली तर कोवळ्या अळ्या धुऊन जातात. अळ्यांमध्ये एक विषाणू पसरतो आणि साथीच्या साथी खलास करतो. केरळच्याच शास्त्रज्ञांनी त्या विषाणूचा फवारा करून पाहिला आहे. वळीव पंधरा दिवस आधी पडला आणि मग महिनाभर खंड पडला, तर पतंग येण्यापूर्वीच पाने जून होतील आणि झाड वाचेल, हेही शक्य आहे.

स्वित्झर्लंडमधील उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. आल्प्समधील लार्च वृक्षांवर एका पतंगाच्या अळीची साथ दर आठ-नऊ वर्षांनी येत असे. झाडांची वार्षिक वलये मोजून संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की हे चक्र सुमारे बाराशे वर्षे जवळजवळ अखंड चालले, आणि १९८० च्या सुमारास थांबले. तापमानवाढीने तेथे कीड वाढली नाही, तिची लयच मोडली. हे कळले ते बाराशे वर्षांची तारीखवार साक्ष खोडांत शिल्लक होती म्हणून. जपानात क्योटोच्या चेरीफुलांच्या तारखा दरबारी रोजनिशींतून अशाच जमवल्या गेल्या, म्हणून २०२१ मधील २६ मार्चचा बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, असे छातीठोकपणे सांगता आले.

मुंबईकर वाचकांसाठी एक गोष्ट. हिब्लिया केवळ सागावर येत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी, ऐरोली-विक्रोळीकडे, पावसाळ्याच्या अखेरीस तिवरांची पाने खाणारी अळीही हीच. काठाची हिरवी भिंत तपकिरी पडते, कोणी तरी खारफुटीवर विषप्रयोग झाल्याची तक्रार करतो, आणि चौकशी पुरी होईपर्यंत तिवरे पुन्हा फुटलेली असतात. पुढल्या वेळी घरी गेलात आणि असे दिसले, तर छायाचित्रासोबत तारीखही टिपून ठेवा.

तारखेचा एवढा आग्रह मी का धरतो, याला एक कारण आहे आणि ते सांगणे जड जाते. नोकरीच्या सुरुवातीला मी विदर्भातील एका उपविभागात प्रांताधिकारी होतो. एका जूनमध्ये एका तलाठ्याचा अहवाल टेबलावर आला. शेताच्या बांधांवरील मालकीचा साग अळीने पार खाल्ला होता आणि शेतकरी पंचनाम्याची मागणी करत होते. तलाठी वयस्कर होता, अक्षर मोत्यासारखे. रोहिणीत वळीव कोणत्या दिवशी झाला, पालवी केव्हा फुटली, मृग लागल्यावर कितव्या दिवशी अळी दिसली, कितव्या दिवशी झाडे बोडकी झाली, हे सारे त्याने गावनिहाय लिहिले होते. मला त्यात नियमाचा प्रश्न दिसला. साग पीक नाही, मदतीच्या निकषांत बसत नाही. मी शेरा मारला: ‘तरतूद नाही. दप्तरी दाखल.’ आणि कारकुनाने त्या कागदावर ‘ड’ वर्ग घातला, त्यालाही मी सही केली.

अभिलेखांचे वर्गीकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ‘अ’ वर्ग कायम जतन करायचा, ‘ड’ वर्ग वर्षभराने नष्ट करायचा.

एग्मोरहून परतल्यावर मी त्या उपविभागातील सध्याच्या अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांनी अगत्याने अभिलेखकक्षात शोध घ्यायला लावला. नष्ट केलेल्या कागदांची यादी सापडली. तीत त्या विषयाचा अनुक्रमांक होता. भाच्याला उत्तर लिहायला बसलो तेव्हा वर्ष आठवले, महिना आठवला. मृगाचा तो कितवा दिवस होता हे त्या अहवालात लिहिलेले होते.